मामांचं रान

आमच्या घरात आम्ही दोघंही शिक्षक. एकाकडे उर्दू आणि मराठी, दुसऱ्याकडे भूगोल. शाळा एकच, सांगलीतली. त्यामुळे शाळेतली गोष्ट संध्याकाळी चहाबरोबर घरी येते आणि घरातली सकाळी डब्याबरोबर शाळेत जाते. या लेखात जागोजागी ‘आम्ही’ आलं आहे ते म्हणूनच. जे पाहिलं ते दोघांनी मिळून पाहिलं आणि जी चूक झाली तीही दोघांची.

चूक सातवीच्या वर्गात झाली. त्या दिवशी मराठी आणि भूगोलाचे तास आम्ही एकत्र घेतले होते. मुलांना ‘राष्ट्रीय उद्यान’ या विषयावर निबंध लिहायचा होता, त्याची तयारी चालली होती. फळ्यावर विषय लिहून आम्ही विचारलं, “सांगा, राष्ट्रीय उद्यानात कोण कोण राहतं?” हात वर झाले. वाघ, बिबट्या, गवा, अस्वल, मोर, साप. एकेक नाव फळ्यावर चढत होतं. तेवढ्यात शाळेचे शिपाई मामा सूचनेची वही घेऊन दारात आले. क्षणभर ते फळा वाचत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “आमी बी ऱ्हायचो की.”

वर्ग हसला. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. मामा गमत्ये आहेत, नेहमीसारखं काहीतरी बोलले असतील असं वाटलं. त्यांनी सही घेतली, वही काखेत मारली आणि पुढच्या वर्गाकडे निघून गेले. मुलांनी निबंध लिहिले. आम्ही ते तपासून गुणही दिले.

ती गोष्ट मनात रुतली ती रात्री. जेवताना लेकीनं विचारलं, “अम्मी, मामा खरंच जंगलात राहायचे का?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांना आम्ही वीस वर्षं ओळखतो. आमच्या निकाहनंतरच्या पहिल्या ईदला शीरखुर्मा प्यायला ते घरी आले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात शिरलं, तेव्हा कमरेभर पाण्यातून अम्मींना बाहेर काढायला सगळ्यात आधी मामाच पोहोचले होते. तेव्हाही हसत म्हणाले होते, “आम्मा, आमच्या गावचं पानी तुमच्याकडं पावनं आलंय, रागावू नगा.” तेही आम्ही गमतीतच घेतलं होतं. ते ‘शिराळ्याकडचे’ आहेत एवढंच आम्हाला ठाऊक. कुठलं गाव, घरी कोण होतं, तिथून इकडे का आले, हे वीस वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारलं. मामांनी घंटेच्या दोरीला हात लावत सांगितलं, “चांदोलीच्या आत हुतं गाव. तीस वर्सं झाली उठून. आता तिथं जंगल हाय म्हन्त्यात.” मग थोडं थांबून, “येकदा बगायचं हुतं. पुढच्या मार्चात रिटायर हुतोय. नंतर पाय चालत्यात का न्हाय कुनाला दक्कल.”

त्याच क्षणी ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं.

चांदोलीचं नाव सांगलीकरांना नवं नाही. पण त्याबद्दल आम्हाला जे माहीत होतं ते पाठ्यपुस्तकापुरतं. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त आणि ते सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. हे सगळं आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. नकाशात चांदोलीच्या जागी एक हिरवा ठिपका असतो. सगळीकडे सारखाच हिरवा.

निघायच्या आदल्या रात्री अम्मींनी एकदा विरोध करून पाहिला. “नक्को बाबा, जनावरां रहते वहाँ. बच्च्यांको लेके काय को जाना?” पण मामांसाठी जातोय हे कळल्यावर त्याच म्हणाल्या, “फिर मैं भी आती.” मामा माळकरी. त्यामुळे अम्मींनी पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा आणि दही बांधलं. भाजीसाठी वेगळी कढई काढली. फजर झाली आणि आम्ही गाडीत बसलो. मामा स्वच्छ धोतर, पांढरा सदरा आणि टोपी घालून कोपऱ्यावर आधीच उभे होते.

आष्टा, पेठ नाका, शिराळा असा रस्ता. पेठ नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या बातम्या शिराळ्याकडून नेहमी येतात. बिबट्याची मादी आता उसालाच रान समजून तिथे विते. काही वर्षांपूर्वी एक गवा थेट सांगलीच्या बाजार आवारात येऊन उभा राहिला होता, तेही आठवलं. म्हणजे उद्यानाची हद्द कागदावर असते, जनावरांना ती कुणी वाचून दाखवलेली नसते.

शिराळा मागे पडला तशी जमीन बदलली. ऊस कमी झाला, भाताची खाचरं दिसू लागली. हवेत गारवा आला. कोकरूड, चरण, आरळा अशी गावं गेली आणि वारणावतीला चांदोली धरण समोर आलं. गाडी थांबवून सगळे उतरलो. वारणा नदीवरचं हे मातीचं धरण, त्याच्या जलाशयाचं नाव वसंतसागर. ३४ टीएमसीच्या घरात पाणी. दूरवर निळं पाणी आणि त्यात शिरलेल्या डोंगरांच्या सोंडा. मामांनी बोट दाखवलं, “पानी सुरू हुतं पाथरपुंजाकडनं. तिथला पाऊस मोजायला भांडं पुरत न्हाय.” पावसाळ्यात पाथरपुंजचं नाव बातम्यांत येतं ते याचसाठी. तिथे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि आपल्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जतची माणसं टँकरची वाट पाहतात. सह्याद्रीचा माथा ढगांना अडवतो, बहुतेक पाऊस तिथेच रिकामा होतो, पूर्वेला येईपर्यंत ढगांत काही उरत नाही. हा धडा आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो. पण वारणा पुढे हरिपूरला कृष्णेला मिळते, म्हणजे तिथला पाऊस खरोखरच आमच्या घरापर्यंत येतो, हे त्या दिवशी पाण्यासमोर उभं राहून कळलं. मामांच्या ‘पावन्या’चा अर्थही तेव्हाच कळला.

मणदूरच्या नाक्यावर नावं नोंदवली. प्लास्टिकच्या पिशव्या काढून ठेवल्या. सोबत वाटाड्या म्हणून एक तरुण आला. गाडीत बसल्या बसल्या त्यानं मामांना विचारलं, “कुठल्या गावचं तुमी?” मामांनी नाव सांगितलं. पोरानं चमकून पाहिलं. त्याच्या आजोबांचं गाव मामांच्या गावापासून ओढ्यापलीकडे होतं. पुढचा अर्धा तास दोघं कुणाची बहीण कुणाकडे दिली होती याचा हिशेब लावत होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

आत शिरल्यावर आधी लागलं ते पानझडी जंगल. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, मध्ये मध्ये बांबू. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. उन्हाळ्यात ही झाडं पानं टाकतात आणि खाली वाळलेल्या पानांचा जाड थर होतो. मामा म्हणाले, “ह्या पानांवर पाय दिला की आवाज हुतो. म्हनून उन्हाळ्यात शिकारी जनावर पानवाटंवर येत न्हाय, मळलेल्या वाटंवर येतंय.” वाटाड्यानं मान हलवली. त्याला हे प्रशिक्षणात शिकवलं होतं, मामांना त्यांच्या बापानं.

रस्ता एका घळीत उतरला आणि एकदम अंधारलं. इथली झाडं वेगळी. अंजनी, जांभूळ, पिसा. बारमाही हिरवी, फांद्या एकमेकांत गुंतलेल्या, खोडांवर शेवाळ, ओढ्याचा आवाज. बाहेरच्यापेक्षा इथे चांगलाच गारवा होता. धाकटा म्हणाला, “अब्बू, इथे दुपारीच मगरिब झाली!” वाटाड्यानं वर बोट दाखवलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा. शेकरूचं घरटं. शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी, मोठी तांबूस खार. ती शक्यतो जमिनीवर उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारत जाते. म्हणून तिला वरच्या फांद्या सलग लागतात. मधलं एक मोठं झाड पडलं तर तिचा रस्ताच तुटतो. धनेश पक्ष्याचंही असंच. त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि बारीक फटीतून नर तिला फळं भरवतो. तरुण झाडांच्या जंगलात धनेशाला घर मिळत नाही, कारण ढोली व्हायला झाडाला म्हातारं व्हावं लागतं. अम्मी हे ऐकून हसल्या. “देखो, बुढ्ढे झाडां भी काम के होते!”

घळीच्या कडेला कारवीची दाट झुडपं होती. कारवी सात वर्षं नुसती पानं काढते आणि आठव्या वर्षी सगळी मिळून फुलते, मग वाळून जाते. मामांच्या घराच्या भिंती याच कारवीच्या होत्या. काठ्या उभ्या करायच्या, वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा. “पावसात भिताड गळायचं न्हाय,” ते म्हणाले. “शिमिटाचं आता गळतंय.”

चढ चढून गाडी झोळंबीच्या सड्यावर आली आणि जंगल संपलं. असं वाटलं की कुणीतरी छप्पर काढून घेतलं. चहूकडे सपाट, तांबूस काळसर कातळ, त्यावर गुडघ्याएवढं सोनेरी गवत, वर मोकळं आभाळ. आमची लेक म्हणाली, “इथे तर काहीच नाही.” आम्ही भूगोलवाले असूनही आमच्या तोंडात तेच होतं. पडीक. ओसाड.

मामांनी तिला हाताला धरून कातळाजवळ बसवलं. जांभा दगड. हजारो-लाखो वर्षं मुसळधार पाऊस पडतो, दगडातले विरघळणारे पदार्थ वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, म्हणून तो तांबडा आणि सच्छिद्र. एवढं आम्ही सांगितलं. पुढचं मामांनी. “हितं माती टिचभर. झाड धरत न्हाय. पर पावसाळ्यात ये, बाळ. पाय ठेवाय जागा नसती, समदी फुलं. निळी, पिवळी, पांढरी.” सोनकी, तेरडा, आणि इवलीशी निळी-जांभळी सीतेची आसवं. ही सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत. कातळावरच्या ओल्या मातीत पोषण कमी, म्हणून ती मुळांशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवतात. झाड येऊ शकत नाही म्हणूनच त्यांना ऊन मिळतं. सड्यावर सावली पडली तर ही फुलं जगणार नाहीत. आणि पावसाचं जे पाणी या सच्छिद्र दगडात मुरतं, ते खालच्या घळींत झऱ्यांनी बाहेर पडतं. मघाच्या अंधाऱ्या जंगलातला ओढा दिवाळीनंतरही वाहत होता तो वरच्या या ‘काहीच नाही’च्या जोरावर.

आम्ही दोघं गप्प झालो. वर्गात आम्ही जंगल म्हणजे झाडं असंच शिकवत आलो. जितकी झाडं जास्त तितकं जंगल चांगलं. ‘जंगल’ हा शब्द उर्दूतही तोच आणि मराठीतही तोच, पण त्याचं मूळ असलेला संस्कृतातला ‘जांगल’ म्हणजे कोरडी, उघडी जमीन. शब्दानं अर्थ बदलला तो बदलला, आम्ही मात्र उघडी जमीन हिशेबातूनच काढून टाकली होती.

सड्यावरून खाली एका वळणावर वाटाड्यानं गाडी थांबवायला सांगितली. “इथं उतरून पाच मिनिटं बघा. जास्त लांब जाऊ नका.” त्यानं गावाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. मामा आधीच उतरले होते.

समोर उतारावर गवताच्या पायऱ्या होत्या. रुंद, हिरव्या-पिवळ्या, एकाखाली एक, ओढ्यापर्यंत गेलेल्या. आमचा धाकटा म्हणाला, “किती छान मैदान!” वाटाड्या म्हणाला, “हे कुरण आहे. गवे इथं चरायला येतात.” मामा म्हणाले, “हे आमचं रान.”

रान. सांगली-कोल्हापूरकडे माणूस ‘रानात जातो’ म्हणतो तेव्हा तो शेतात जातो. आणि ‘रानात वाघ आहे’ म्हणतो तेव्हा जंगलात. शब्द एकच. भाषा शिकवणाऱ्या आमच्या घरात हे कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या पायऱ्या म्हणजे भाताची खाचरं होती. गवताखाली दगडी बांध अजून शाबूत होते. मामा एका बांधाजवळ गेले, चपला काढल्या आणि त्यावर पाय ठेवून उभे राहिले. “ह्यो आमच्या आज्यानं रचलेला. ती खालची दोन चुलत्याची. आन् ते आंब्याचं झाड दिसतंय न्हवं, तिथं घर.”

झाडापर्यंत जायची परवानगी नव्हती. लांबूनच पाहिलं. आंबा भला मोठा झाला होता. त्याच्या बुंध्याशी दगडाचं जोतं गवतातून डोकावत होतं. बाकी काही नाही. मामा बघत राहिले. अम्मी गाडीतून उतरून हळूहळू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघं काही बोलले नाहीत. आम्ही मुलांना मागे थांबवलं.

तेवढ्यात लेकीनं आमचा हात दाबला. खालच्या खाचरात, ओढ्याच्या कडेला, झाडीतून चार गवे बाहेर आले. काळेभोर, पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यातलं एक वासरू. ते शांतपणे चरायला लागले. गव्याला दोन्ही लागतं. दुपारच्या उन्हात लपायला दाट झाडी आणि सकाळ-संध्याकाळ चरायला मोकळं गवत. नुसतं दाट जंगल असलं तर त्याचं पोट भरत नाही, नुसतं गवत असलं तर त्याला आडोसा नाही. हे दोन्ही जिथे एकमेकांना खेटून असतं तिथे तो राहतो. आणि गवा-सांबर असले तरच त्यांच्यामागे रानकुत्रे, बिबट्या आणि वाघ.

वाटाड्यानं हळू आवाजात सांगितलं, “एवढ्या पावसात गवत आपोआप राहत नाही. मोकळं सोडलं तर आधी झुडपं येतात, मग झाडं. म्हणून वनखातं ही कुरणं राखतं.” म्हणजे चांदोलीतली ही मोकळी हिरवी मैदानं, ज्यांचे फोटो लोक ‘निसर्गाची किमया’ म्हणून पाठवतात, ती माणसाच्या हातची होती. पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचून, बांध घालून, भात लावून मोकळी ठेवलेली. माणसं उठली, गवत आलं, गवतामागे गवे आले.

मामांनी गव्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “आमच्या बैलावानी दिसत्यात.” आणि चपला घालून गाडीकडे वळले. वासरानं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा तोंड गवतात घातलं.

परत येऊन वारणावतीजवळ एका झाडाखाली चादर पसरली. टाकीच्या पाण्यानं वुजू करून आम्ही जुहरची नमाज पढलो. मामा झाडाला टेकून बसले होते. जेवताना आम्ही जे विचारायला वीस वर्षं उशीर केला ते विचारलं. “मामा, राग येत नाही?”

“येत हुता की,” ते भाकरी मोडत म्हणाले. “लई वर्सं येत हुता. जनावरांसाठी मानसं उठवली. तुमी पोरांना वर्गात सांगायचा, जंगल वाचवा, वन्यप्रानी वाचवा. मी भायेर घंटा देत ऐकायचो. म्हनायचो, आन् आमाला कोन वाचवनार?” भाकरी हातातच राहिली. “पर आज बगितलं. आमी हुतो म्हनून ते मोकळं ऱ्हायलं. आता गवं हायत म्हनून मोकळं ऱ्हाईल. पडीक न्हाय पडलं. कुनीतरी खातंय तिथलं.”

अम्मींनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

इथे लेख संपवला असता तर सोपं झालं असतं. पण मामांच्या मुलाचं म्हणणंही सांगायला हवं, नाहीतर आमच्या हातून दुसरी चूक होईल. परतल्यावर आम्ही त्याला फोटो दाखवले. त्यानं ते बघून फोन परत दिला. म्हणाला, “सर, बाबांचं समाधान झालं, चांगलं झालं. पण आम्हाला मिळालेली जमीन मुरमाड आहे. पाणी यायला दहा वर्षं गेली. तोवर बाबांनी दुसऱ्याच्या रानात मजुरी केली. गव्यांना कुरण मिळालं, आम्हाला काय मिळालं ते पण लिहा.” म्हणून लिहितो आहोत. त्याचं बोलणं खोटं नाही आणि मामांचंही नाही. जंगल राखायला हवं, त्यानं नळाला पाणी येतं, शेताला येतं. पण त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांच्याशी हिशेब चोख असायला हवा. ती अमानत आहे. पाणी पिणाऱ्या आपल्या सगळ्यांवर तिचा थोडा थोडा भार आहे.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. आम्ही सातवीच्या वर्गात मामांना बोलावलं. ते आधी तयार होईनात. “मी काय शिकवनार? सहावी नापास मानूस.” शेवटी आले. आम्ही खडू त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, “मामा, चांदोली काढा.” त्यांनी थरथरत्या हातानं आधी ओढा काढला. मग त्याच्या वर घळ, घळीच्या वर उतार, उताराच्या वर सडा. पश्चिमेला कडा, जिथे सह्याद्री तुटतो आणि खाली कोकण लागतं. प्रत्येक जागेला त्यांच्याकडे वेगळं नाव होतं. खाचर, बांध, राई, माळ, सडा, घळ, पाणवठा, खिंड. आम्ही मोजत होतो. चौदा नावं झाली. आमच्या पुस्तकात त्या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, वन.

मग त्यांनी प्रत्येक जागेपुढे सांगितलं तिथे कोण राहतं. राईत शेकरू आणि धनेश. सड्यावर टिटवी आणि पावसात फुलं. कड्यावर घारी आणि मधमाश्यांची पोळी. उतारावर अस्वल, वारुळं फोडायला. खाचरात गवा. मुलं वहीत उतरवून घेत होती. त्यातली एक मुलगी, जी त्या पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसली होती, उभी राहिली.

“मामा, तुमचं घर कुठे?”

मामांनी आंब्याचं झाड काढलं आणि त्याखाली एक चौकोन.

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात जुनी यादी पुन्हा लिहिली, वाघ, बिबट्या, गवा, अस्वल, मोर, साप, आणि सगळ्यात शेवटी लिहिलं: माणसं. एका मुलानं विचारलं, “पण ती आता नाहीत ना?” मामाच म्हणाले, “न्हाईत. पर बांध हायत. गवं त्याच बांधावरनं चालत्यात.”

मार्चमध्ये मामा निवृत्त होतील. निरोप समारंभाला शाल-श्रीफळ असेलच. त्याशिवाय मुलांनी मोठ्या कागदावर त्यांचा नकाशा पुन्हा रंगवायला घेतला आहे. या वेळी हिरवा रंग एकच नाही. सड्याला तांबडा, खाचरांना पिवळा, राईला जवळजवळ काळा हिरवा, पाण्याला निळा. तो नकाशा वर्गातल्या भिंतीवर लागेल.

वाचकहो, सुट्टीत आपणही मुलांना घेऊन कुठल्या ना कुठल्या जंगलात जाल. वाघ दिसला नाही म्हणून मुलं रुसतील. तेव्हा त्यांना मोकळ्या गवताजवळ, उघड्या कातळाजवळ थोडा वेळ बसवा. इथे झाड का नाही, पाणी कुठे जातं, इथे चरायला कोण येतं, हे विचारा. आणि सोबतच्या वाटाड्याला एक प्रश्न नक्की विचारा, जो आम्ही वीस वर्षं विचारला नाही: हे कुणाचं रान होतं?